वाचक विचारतात : स्विचमागचा इवलासा दिवा

मोटारीच्या आतील दिव्यांविषयी गेल्या दोन महिन्यांत बरीच पत्रे साचली आहेत, त्यामुळे या वेळचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न (सातारा) : माझ्याकडे १९९८ सालची मारुती मोटार आहे. चारही इंडिकेटर एकदम लावण्याचे बटण, मागील काच तापवण्याचे बटण आणि एसीचे बटण ही तिन्ही रात्री दिसेनाशी झाली होती, म्हणून मी ती काढून पाहिली. आत गव्हाच्या दाण्याहून थोडे मोठे बल्ब होते आणि त्यांच्यावर हिरव्या रबराच्या टोप्या होत्या. दुकानदाराने त्यांच्याऐवजी पांढऱ्या प्रकाशाचे टी५ (या छोट्या बल्बांच्या मापाचे) एलईडी दिले. ते बसवल्यावर एक मुळीच लागला नाही. दुसऱ्यात चिन्हाच्या मधोमध प्रखर ठिपका दिसतो आणि कडा अंधारात राहतात. तिसऱ्याचा रंग शेजारच्या बटणांशी जुळत नाही. शिवाय डॅशबोर्डाचा उजेड कमीजास्त करणारे चाक फिरवले, तर बाकीचे दिवे मंद होतात, पण हे होत नाहीत. माल खराब निघाला असे समजावे काय?

उत्तर : माल बहुधा ठीक आहे. अडचण अशी की आपल्या गाडीचे स्विच, त्यांतील टोप्या आणि उजेडाचे चाक हे सारे तारेच्या बल्बाचा स्वभाव गृहीत धरून घडवलेले आहे, आणि एलईडीचा स्वभाव जवळजवळ प्रत्येक बाबतीत त्याच्या उलट आहे. आपल्या चारही तक्रारी तिथूनच निघतात.

न लागणारा एलईडी आधी पाहू, कारण त्याचा उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. तारेच्या बल्बाला वीज कोणत्याही बाजूने दिली तरी तो लागतो, एलईडी मात्र एकाच दिशेने वीज जाऊ देतो. तो बाहेर काढून अर्धा फेरा फिरवावा आणि पुन्हा बसवावा. स्विच मिटवून जागेवर दाबण्यापूर्वी पार्किंग लाइट लावून तो लागतो याची खात्री करून घ्यावी, म्हणजे पट्टी पुन्हा उचकटावी लागणार नाही. नुसत्या एलईडीची उलट दिशेची सहनशक्ती सुमारे ५ व्होल्टच असते, त्यामुळे तो उलटा बसलेला तसाच ठेवू नये.

मधोमध दिसणाऱ्या ठिपक्याचे कारण असे, की तारेचा बल्ब सर्व बाजूंना सारखा उजेड फेकतो आणि स्विचच्या आतील पांढरा कप्पा तो उजेड परतवून चिन्हाच्या कडांपर्यंत पोहोचवतो. गोल माथ्याचा ३ मिलिमीटरचा एलईडी मात्र आपला बहुतेक उजेड टॉर्चसारखा समोरच्या अरुंद झोतात टाकतो. सपाट माथ्याचे, रुंद कोनाचे एलईडी बाजारात मिळतात. ते मिळाले नाहीत तर ४०० नंबरचा पॉलिश पेपर सपाट जागी ठेवून, थोडे पाणी घेऊन, एलईडी पायांकडून धरावा आणि त्याचा माथा इंग्रजी आठाच्या आकारात घासावा. काही वेळाने चकचकीत घुमट दुधाळ होतो आणि झोत पसरतो. माथा सपाट झाला की थांबावे. मी एकदा हौसेने आणखी घासत गेलो आणि आतील केसासारखी बारीक तार तुटली; तो एलईडी तिथेच संपला.

रंगाची बाब जरा विस्ताराने सांगण्यासारखी आहे. आपली गाडी तयार झाली त्या काळात मोटारींच्या स्विचमागे पांढरा एलईडी घालण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. शुजी नाकामुरा यांनी जपानमधील निचिया कंपनीत काम करताना १९९३ साली प्रखर निळा एलईडी पुढे आणला आणि त्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप देऊन पांढरा एलईडी त्यानंतर काही वर्षांनी आला. याच कामासाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पांढरा एलईडी येईपर्यंत गाडी बनवणाऱ्यांकडे तारेचा पिवळट उजेड होता, आणि हिरवा रंग हवा असेल तर त्या बल्बावर हिरवी टोपी घालणे हाच सोपा मार्ग होता. टोपी रंग निर्माण करत नाही. बल्बाच्या उजेडातील हिरवा तेवढा पुढे जाऊ देते आणि उरलेला अडवते. तारेच्या उजेडात निळा भाग फार थोडा असतो, त्यामुळे टोपीतून पोपटी छटेचा हिरवा बाहेर पडतो. पांढऱ्या एलईडीत निळ्याचा मोठा वाटा असतो आणि तो टोपीतून थोडाफार निसटतो, म्हणून आपले तिसरे बटण शेजाऱ्यांपेक्षा निळसर दिसत आहे.

यावर दोन मार्ग आहेत. टोपी ठेवायची असेल तर पिवळसर पांढरा, म्हणजे वेष्टनावर ३००० केल्विन किंवा वॉर्म व्हाइट असे लिहिलेला एलईडी घ्यावा. त्याचा उजेड तारेच्या उजेडाशी बराच जुळतो. टोपी काढून टाकायची असेल तर हिरवाच एलईडी घ्यावा, परंतु बाजारात हिरवे दोन प्रकारचे असतात हे ध्यानात ठेवावे. एक पोपटीकडे झुकणारा आणि दुसरा गर्द, रस्त्यावरील सिग्नलसारखा. जुन्या गाडीला बहुधा पहिला जुळतो. दुकानातील ट्यूबलाइटखाली रंग पसंत करण्याला अर्थ नाही. दोन्ही प्रकारचे एकेक नग आणावेत आणि अंधारात, शेजारचे न बदललेले बटण चालू ठेवून, डोळ्यांनी ठरवावे. चार इंडिकेटरांच्या बटणावरील त्रिकोण लाल असतो, तिथे लाल एलईडीच घालावा. पांढऱ्या एलईडीत गडद लाल प्रकाश कमी असल्याने त्याच्यापुढे तो त्रिकोण फिका आणि गुलाबीसर दिसतो.

आता उजेडाचे चाक. जुन्या गाड्यांत त्या चाकामागे बहुतेक वेळा तारेचा बदलता रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा रोधक, असतो आणि तो दिव्यांना मिळणारे व्होल्टेज खाली आणतो. १२ व्होल्टच्या जागी ८ व्होल्ट मिळाले, तर तारेच्या बल्बाचा उजेड साधारण पाव उरतो, कारण व्होल्टेज थोडे उतरले तरी त्याचा उजेड त्याच्या कितीतरी पट वेगाने उतरतो. त्याच ८ व्होल्टवर एलईडीतील वीजप्रवाह निम्म्याहून थोडा अधिक राहतो, आणि उजेड निम्मा झाला तर आपल्या डोळ्यांना तो जेमतेम उणावल्यासारखा वाटतो. म्हणून बाकीचे दिवे मंद झाले आणि हे तिन्ही तसेच राहिले. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो : सगळेच बल्ब बदलले तर चाक आणखी निरुपयोगी होईल. प्रत्येकी १.२ वॅटचे दहा बल्ब मिळून सुमारे १ अँपिअर वीज घेतात. चाकाचा रेझिस्टर ६ ओहमचा धरला, तर त्यावर ढोबळमानाने ४ व्होल्ट खर्च होतात. दहा एलईडी मिळून ०.१५ अँपिअरच घेतात आणि त्याच रेझिस्टरवर १ व्होल्टही खर्च होत नाही. ज्या गाड्यांत हे काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने, वीज सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून होते, तिथे एलईडीही व्यवस्थित मंद होतो.

तेव्हा आपल्या बाबतीत एलईडीचा उजेड सुरुवातीलाच बेताचा ठेवणे हा व्यवहार्य उपाय आहे. तयार टी५ मध्ये रेझिस्टर आतच असतो. त्याच्या जोडीला तारेत आणखी एक रेझिस्टर घालता येतो. नुसता ३ मिलिमीटरचा एलईडी घेऊन स्वतः जोडणार असाल, तर हिशेब १२ व्होल्टवर करू नका. इंजिन चालू असताना अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे जनित्र) साधारण १४.४ व्होल्टपर्यंत देतो. हिरवा गर्द किंवा पांढरा एलईडी त्यातील सुमारे ३.२ व्होल्ट घेतो, उरलेले ११.२ व्होल्ट रेझिस्टरने सोसायचे असतात. ५६० ओहमला २० मिलिअँपिअर वाहतात, ही या एलईडीची कमाल मर्यादा आहे आणि पाव वॅटचा रेझिस्टर त्यात चांगलाच तापतो. १ किलोओहमला ११ मिलिअँपिअर, तर २.२ किलोओहमला ५ मिलिअँपिअर. स्विचमागे हे पाचदेखील पुष्कळ होतात. माझ्या स्वतःच्या गाडीत मी शेवटी २.२ किलोओहमवरच थांबलो, तेही आधी एक रात्र डोळे दिपवून घेतल्यावर.

काम सुरू करण्यापूर्वी दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. पंचवीस वर्षांचे प्लॅस्टिक थंडीत काचेसारखे तडकते, म्हणून गाडी तासभर उन्हात उभी करून मगच पट्ट्या काढाव्यात आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला कापडाची पट्टी गुंडाळावी. स्विचचे पोट उघडायचे झाले तर ते परातीत उघडावे. आतील स्प्रिंग आणि ज्वारीच्या दाण्याएवढी पोलादी गोळी सीटखाली गेली की पुन्हा सापडत नाही.

प्रश्न (नाशिक) : स्विचचे बल्ब बदलल्यावर उत्साहाने मी मीटरमधील सगळेच बल्ब एलईडी केले. दुसऱ्या दिवसापासून गाडी सुरू केल्यावर बॅटरी चार्ज होत नाही. एक्सिलरेटर जोरात दाबला की मग चार्जिंग सुरू होते. गॅरेजमध्ये अल्टरनेटर बदलण्यास सांगितले आहे.

उत्तर : अल्टरनेटरचा खर्च करण्यापूर्वी मीटरमधील बॅटरीच्या चिन्हामागचा जुना बल्ब परत बसवून पाहावा. पुष्कळ गाड्यांत तो बल्ब निव्वळ इशाऱ्यासाठी नसतो. अल्टरनेटरच्या फिरत्या भागातील वेटोळ्याला चुंबक होण्यासाठी सुरुवातीला थोडी वीज बाहेरून लागते, आणि ती वीज चावी फिरवताच याच बल्बातून जाते. २ वॅटचा बल्ब सुमारे १७० मिलिअँपिअर जाऊ देतो. एलईडी दहा-वीस मिलिअँपिअर. तेवढ्यात वेटोळे जागे होत नाही, आणि इंजिनचा वेग खूप वाढला की लोखंडात शिल्लक असलेल्या चुंबकत्वावर ते कसेबसे काम सुरू करते. आपण वर्णन केलेले लक्षण नेमके हेच आहे.

एलईडीच हवा असेल तर त्याला समांतर ६८ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर लावता येतो, परंतु चावी चालू आणि इंजिन बंद असताना तो हात लावू देणार नाही इतका तापतो आणि मीटरच्या मागे सगळे प्लॅस्टिकच असते. एका लहान चिन्हासाठी हा उद्योग करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. एअरबॅग आणि एबीएस यांच्या इशाऱ्यांनाही हात लावू नये. काही गाड्यांत त्यांचे नियंत्रक दिव्यातून जाणारी वीज तपासतात आणि ती कमी दिसली की बिघाड नोंदवतात.

प्रश्न (पुणे, कोथरूड) : माझ्या २०१२ सालच्या गाडीत दारावरील काचांची बटणे हिरवी आणि स्टिरिओ पांढरा आहे. बटणे पांढरी करायची आहेत. स्विच उघडला तर आत बल्ब नाहीच, सर्किटच्या पाटीवर सोल्डर केलेले चपटे एलईडी आहेत. सोल्डरिंगचा सराव आहे. नुसते पांढरे एलईडी त्यांच्या जागी लावले तर चालेल का?

उत्तर : सोल्डरिंग लोखंड तापवण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली दिवसाउजेडी : दिवे बंद असताना बटणावरील चिन्ह पांढरे दिसते की हिरवट? पांढरे दिसत असेल तर रंग एलईडीचा आहे आणि आपला बेत सफल होईल. हिरवट दिसत असेल तर रंग प्लॅस्टिकच्या थरातच आहे, आणि मागे काहीही लावले तरी चिन्ह हिरवेच राहील.

दुसरी गोष्ट मल्टिमीटरने : दिवा चालू असताना एका एलईडीच्या दोन टोकांतील व्होल्टेज मोजावे. सुमारे ३ व्होल्ट आले तर एलईडी गर्द हिरवा आहे आणि पांढराही तितकेच घेतो, त्यामुळे सरळ अदलाबदल करता येते. सुमारे २ व्होल्ट आले तर तो पोपटी जातीचा आहे, आणि मग एका ओळीत किती एलईडी जोडले आहेत हे पाटीवरील रेषांचा माग काढत शोधावे लागते. समजा, तीन आहेत. पोपटी तिघे मिळून ६.३ व्होल्ट घेतात आणि १४ व्होल्टमधले ७.७ रेझिस्टरसाठी उरतात. पांढरे तिघे ९.६ घेतात आणि ४.४ उरतात, म्हणजे वीज निम्म्याच्या जरा वर येते. पांढरे एलईडी त्या जुन्या पोपटी एलईडींपेक्षा बरेच तेजस्वी असल्याने हे चालून जाते, कित्येकदा उजेड तरीही जास्तच पडतो. परंतु चार असतील तर पांढऱ्या चौघांना १२.८ व्होल्ट हवेत आणि इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ देते. अशा वेळी बटणे मिणमिणतात, इंजिन सुरू केले की उजळतात आणि पुन्हा हेडलाइट किंवा पंखा लावला की थरथरतात. तिथे ओळ तोडून दोन-दोनच्या दोन ओळी कराव्या लागतील आणि प्रत्येकीला वेगळा रेझिस्टर द्यावा लागेल. पाटीवरील रेझिस्टरवर ४७१ लिहिले असेल तर तो ४७० ओहमचा आणि १०२ असेल तर १ किलोओहमचा. शेवटचा आकडा शून्यांची संख्या सांगतो.

एलईडीची मापे ३.५ बाय २.८ मिलिमीटर असतील तर बाजारात त्याला ३५२८ म्हणतात; पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे किरकोळीत मिळतात. एका कोपऱ्याला असलेली खाच बहुधा ऋण टोक दाखवते, पण कंपनीगणिक फरक असतो म्हणून लावण्यापूर्वी तपासून घ्यावे. काढताना दोन्ही टोके एकदम वितळली पाहिजेत. एका टोकाला उपटण्याचा प्रयत्न केला तर खालची तांब्याची पट्टी एलईडीबरोबर उखडून येते. मित्राचे दुसरे लोखंड तासाभरासाठी मागून आणणे हा त्यावरील सर्वांत स्वस्त उपाय आहे. बटणांखालच्या रबरी चटईवर कार्बनच्या काळ्या टिकल्या असतात, त्यांना बोट किंवा फ्लक्स (सोल्डरिंगला लागणारा चिकट पदार्थ) लागू देऊ नये. फ्लक्स लागलेच, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. पेट्रोलने पुसू नये, त्याने रबर फुगते.

प्रश्न (चिपळूण) : छतावरील दिवा एलईडी केल्यापासून दार लावल्यावरही तो काजव्यासारखा लुकलुकत राहतो. बॅटरी उतरेल का?

उत्तर : त्या दिव्याने बॅटरी उतरणार नाही. दार लावल्यावर दिवा हळूहळू विझवणाऱ्या नियंत्रकातून किंचित वीज सतत पाझरत असते. १० वॅटचा जुना बल्ब त्यावर लागणे शक्यच नव्हते, एलईडीला मात्र ती पुरते. दिव्याला समांतर १ किलोओहम, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर लावला की पाझरणारी वीज त्यातून निघून जाते आणि दिवा पूर्ण विझतो. एलईडीचा खरा फायदा इथेच आहे, हेही सांगितले पाहिजे. दार नीट न लागता गाडी उभी राहिली तर १० वॅटचा बल्ब ३५ अँपिअर-तासाची बॅटरी दोन दिवसांच्या आत रिकामी करतो. १ वॅटच्या एलईडीला त्यासाठी दोन आठवड्यांहून अधिक काळ लागेल.

प्रश्न (रत्नागिरी) : मुलाचा आग्रह आहे की आतले सगळे स्विच निळे करावेत. मला रात्री आंबा घाटातून वरचेवर ये-जा करावी लागते. वय ५८. आपला सल्ला काय?

उत्तर : निळा करू नये. डोळ्याच्या भिंगात वयाबरोबर धूसरपणा येतो आणि निळा प्रकाश त्यात सर्वांत जास्त विखुरतो. शिवाय दूरवर पाहणाऱ्या डोळ्याला निळ्या चिन्हाची कड नीट पकडता येत नाही, म्हणून ते चिन्ह धुक्यातल्यासारखे दिसते. अंधाराला सरावलेल्या दृष्टीला लाल आणि नारिंगी प्रकाश सर्वांत कमी त्रास देतो. बीएमडब्ल्यूने कित्येक दशके डॅशबोर्डावर नारिंगी उजेड वापरला तो यामुळेच. फोक्सवागनने १९९० च्या दशकाच्या अखेरीस निळी डायल आणि लाल काटे आणले, ते दुकानात फार सुंदर दिसत, आणि पुढे कंपनी पांढऱ्याकडे वळली.

मुलाचे मन राखायचेच असेल तर पायाशी, बैठकीखाली, चालकाच्या नजरेत न येणारी एक मंद निळी पट्टी लावू द्यावी आणि तिला स्वतंत्र बटण द्यावे. आंबा घाट लागण्यापूर्वी, साखरप्याला, ती बंद करता येईल.